तीन झाकणं, एक बादली: इंदूरमधल्या एका चिकट फरशीचं प्रकरण

आत्याचा फोन श्रावण संपता संपता आला. "अगं, इतकी वर्षं शाळेत केमिस्ट्री शिकवलीस ना, मग एकदा येऊन माझी फरशी बघून जा. दिवसातून दोनदा पोछा लागतो, तरी अनवाणी चाललं की पाय चपचप चिकटतात. महालक्ष्म्या तोंडावर आल्यात. त्यांची पावलं काय या चिकट्यावर काढू?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई बदलावी लागणार असं दिसतंय."

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी सणानंतर गेले असते. पण त्या बाई आत्याकडे सहा वर्षं काम करतात, आणि सहा वर्षांत फरशी बिघडली नाही ती आत्ताच कशी बिघडली, हा प्रश्न मला फोन ठेवतानाच पडला. म्हणून दुसऱ्याच दिवशी निघाले. जाण्याआधी तिला तीन गोष्टी सांगितल्या. मी येईपर्यंत काहीही बदलायचं नाही, बाईंना काही बोलायचं नाही, आणि बादलीत जे जे पडतं त्या सगळ्या बाटल्या ओट्यावर काढून ठेवायच्या.

घर आणि तक्रार

घर लोकमान्यनगरच्या बाजूचं, चाळीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं, आणि त्या काळच्या इंदुरी मराठी घरांसारखं टप्प्याटप्प्याने वाढलेलं. त्यामुळे एका घरात चार जातीच्या फरश्या आहेत. हॉल आणि बोळात पॉलिश केलेला हिरवट-निळसर कोटा. आत्याच्या खोलीत आणि देवघरात जुनी मोझॅक. स्वयंपाकघरात मागाहून बसवलेल्या सिरॅमिक टाइल्स. वर मुलाच्या मजल्यावर आरशासारख्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. राहणारी माणसं साडेतीन: आत्या, तिचा मुलगा, सून, आणि नुकताच रांगायला लागलेला नातू.

तक्रारी नीट लिहून घेतल्या. कोट्यावर पांढुरकी झाक येते, ती पुसल्यावर तासाभराने जास्त दिसते. चालल्यावर पावलांचे ठसे उमटतात. दुपारी दार बंद असलं की ओल्या फडक्यासारखा कुबट वास येतो. वरच्या टाइल्सवर उन्हात पट्टे दिसतात. बोळात न्हाणीघराच्या दाराशी ताटलीएवढा खरखरीत डाग पडलाय. आणि सुनेने सांगितलेली तक्रार, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली: फरशी पुसून झाल्यावर बाळ रांगलं की त्याचे गुडघे राखाडी होतात.

बाळाच्या गुडघ्यापेक्षा प्रामाणिक उपकरण कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते दाबून घासलं जातं, पांढऱ्या लंगोटाशेजारी असतं, आणि थोड्या वेळाने तोंडाजवळही जातं.

आरोपी मात्र प्रत्येकाचा वेगळा होता. आत्याच्या मते बाई हात चोरतात. सुनेच्या मते कोटाच म्हातारा झालाय, त्यावर टाइल्स टाकून मोकळं व्हावं. मुलाच्या मते हा पावसाळी दमटपणा आहे, दसऱ्यापर्यंत आपोआप जाईल. "शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय आणि माझ्या घरात ही कथा," असं आत्याने कचरागाडीचं गाणं ऐकू आल्यावर दोनदा म्हणून घेतलं. फरशी का चिकटते, हे बाईंना कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही ते विचारलं नाही. ती चूक पुढे येईलच.

पाहणी

बाई सव्वानऊला आल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले. कुणी असं डोळे लावून बसलं की माणूस जास्त नीट काम करतं, हे धरूनच बघायचं होतं.

केर काढला फूलझाडूने, पण हॉलचा पंखा पूर्ण वेगात चालू. बाळ उकाड्याने रडू नये म्हणून तो बंद करायचा नाही असा घरचा नियम. म्हणजे झाडूने उठलेली बारीक धूळ पंख्याने उडवली, ती सोफ्याखाली आणि भिंतीच्या कडेला जाऊन बसली, आणि दहा मिनिटांनी ओलं फडकं तिच्यावरून फिरलं. माळव्याची काळी माती कोरडी असते तोवर पिठासारखी बारीक, आणि ओली झाली की चिखल. बुटाला चिकटून आलेली तीच माती पायपुसण्यावर थांबली नाही तर फरशीवर तिची खळ होते. आत्याच्या दाराबाहेर पायपुसणं नव्हतंच. आत होतं ते मखमली, पाय पुसायला कुणाला धीर होऊ नये असं.

मग बादली भरली. इथे मी वही उघडली.

पाणी नळाचं नव्हतं. सिंकखाली एक निळा ड्रम, त्यात आरओ यंत्रातून बाहेर फेकलं जाणारं पाणी साठवलेलं. आत्याच्या मुलाला या बचतीचा फार अभिमान, आणि तो रास्तही आहे. नर्मदाकाठच्या जलूदहून, सत्तरएक किलोमीटर अंतरावरून, उपसून आणलेलं नर्मदेचं पाणी या भागात एक दिवसाआड येतं. बाकी गरज घरच्या बोरिंगवर. टाकीत दोन्ही एकत्र होतं, आणि आरओ त्या टाकीवर. यंत्र बसवलं फेब्रुवारीत. फरशीची कुरकुर कधी सुरू झाली असं विचारलं तर आत्या म्हणाली, "होळीच्या आसपास." ही तारीख मी अधोरेखित केली.

त्या अर्ध्या बादलीत बाईंनी फरशीच्या क्लीनरची तीन झाकणं ओतली. बाटलीवर अर्ध्या बादलीला एक झाकण असं लिहिलेलं होतं. मग मूठभर कपड्यांची पावडर टाकली. शेवटी पांढऱ्या फिनाइलची धार. मी विचारलं, हे सगळं कशाला? बाई हसल्या. "माँजी को झाग चाहिए, भाभी को फिनाइल की खुशबू, भैया ये बोतल लाए हैं। तीनों का मन रखना पड़ता है, दीदी।"

त्या एका वाक्यात अर्धं निदान झालं होतं. तरी पुरावा हवा म्हणून मी काचेचे ग्लास मागून घेतले. पहिला ग्लास भरला तो फिनाइल पडण्याआधी, कारण फिनाइलने पाणी दुधाळ होतंच, त्यावरून काही कळत नाही. पुढचे प्रत्येक खोली झाल्यावर. ग्लास ओट्यावरच्या खिडकीत ओळीने मांडले.

पुसण्याची पद्धत पाहिली. बाई बसून पुसतात, हात चांगला चालतो, कोपरे सोडत नाहीत. पण फडकं म्हणजे जुना जाड टॉवेल, ज्यातून एका बाईच्या मनगटाने पाणी पूर्ण पिळलं जाणं शक्यच नाही. हॉल, बोळ, आत्याची खोली, देवघर, स्वयंपाकघर हे सगळं एका बादलीत. पाणी बदललं ते थेट जिना चढायच्या आधी. का, तर नळ मागच्या अंगणात, भरलेली बादली उचलून आणायची, आणि पुसायला मिळतात पस्तीस मिनिटं. काम झाल्यावर टॉवेल घडी करून न्हाणीघराच्या नळावर. श्रावणात तिथे तो वाळणार कसा? दुपारच्या कुबट वासाचं घर तिथेच सापडलं.

ग्लासांनी काय सांगितलं

चौथ्या ग्लासातलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. देवघर त्याच पाण्याने पुसलं होतं. आत्याने तो ग्लास उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि काही न बोलता खाली ठेवला.

माझं लक्ष मात्र पहिल्या ग्लासाकडे होतं. फडकं बुडायच्याही आधीचं ते पाणी, आणि तरी त्यात पांढरट गढूळपणा आणि बारीक कण तरंगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी साय बसावी तसा पांढरा थर होता. मळ नव्हताच तो. तो आम्ही स्वतः बादलीत तयार केला होता.

त्याचं असं आहे. बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. शाळेत याला दुष्फेन पाणी म्हणतात, घरात जड किंवा खारं. आरओ यंत्र क्षार नाहीसे करत नाही, ते फक्त बाजूला सारतं. तीन लिटर पाण्यातून एक लिटर गोड पाणी काढलं, तर उरलेल्या दोन लिटरांत जवळजवळ तीनही लिटरांचे क्षार जमा होतात. म्हणजे ड्रममधलं पाणी टाकीतल्यापेक्षा दीडपट जड. त्यात पडते कपड्यांची पावडर, जिच्यात धुण्याचा सोडा असतो. सोडा आणि कॅल्शियम भेटले की कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. आणि कोटा म्हणजे काय? चुनखडीचा दगड, मुख्यतः तेच कॅल्शियम कार्बोनेट. थोडक्यात, आम्ही कोटा फरशीवर रोज दोन वेळा चुनखडीचंच पीठ सारवत होतो. फिकट टाइलवर ते खपून जातं. गडद कोट्यावर झाक होऊन दिसतं.

आता चिकटपणा. क्लीनरच्या बाटलीवर बारीक अक्षरांत बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलं होतं. हे जंतू मारणारं द्रव्य धनभाराचं. कपड्यांच्या पावडरीतलं फेस करणारं द्रव्य ऋणभाराचं. दोघांना एका बादलीत घातलं की ते एकमेकांना मिठी मारतात, जंतू मारण्याची ताकद जाते, आणि मागे राहतो तो ना धड पाण्यात विरघळणारा, ना धड फरशी सोडणारा बुळबुळीत पदार्थ. त्यावर फिनाइलमधलं तेल. हे सगळं स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून काढायचं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. कपडे खळबळून घेतल्याशिवाय कुणी दोरीवर टाकत नाही, पण फरशीला रोज साबण लावून तसंच सोडतो. वाळल्यावर तो साबण धूळ धरतो. संध्याकाळी फरशी मळकट दिसते, म्हणून पुन्हा पोछा, पुन्हा तीन झाकणं.

मुलाचा दमटपणाचा मुद्दा मी सोडून दिला नव्हता. पावसाळ्यात गार फरशीवर हवेतली वाफ जमते आणि फरशीला घाम फुटतो, हे खरंच आहे. पण तो घाम कोरड्या फडक्याने टिपला की फरशी कोरडी लागते. इथे टिपल्यावरही बोट चिकटत होतं.

तरीही माझ्या म्हणण्यावर घरात एकमत होईना. म्हणून बोळातल्या चार लाद्या निवडल्या, आधी कडकडीत पाण्याने घासून पूर्ण स्वच्छ केल्या आणि खडूने आकडे घातले. पहिली फक्त बोरिंगच्या पाण्याने पुसायची. दुसरी फक्त नर्मदेच्या. तिसरी बोरिंगचं पाणी आणि मोजून एक झाकण. चौथी घरच्या नेहमीच्या मिश्रणाने. चार दिवस हेच, आणि पुसणारा हात एकच, बाईंचा.

चौथीवर दुसऱ्याच संध्याकाळी ठसे उमटले. तिसरी ठीक, तिरक्या उजेडात पुसट रेघा. पहिलीवर फडकं ओलंच राहिलं त्या दिवशी पांढरे ठिपके आले, घट्ट पिळलं त्या दिवशी आले नाहीत. दुसरी स्वच्छ. सूनबाईंनी चौथ्या दिवशी पांढरा मोजा घालून चारही लाद्यांवर पाय घासून पाहिला, आणि टाइल्सचा विषय त्यानंतर निघाला नाही. हात एकच असताना लाद्या वेगळ्या निघाल्या, म्हणजे दोष हातात नव्हता, हे आत्याच्याही ध्यानात आलं. तिने ते बोलून दाखवलं नाही. फक्त त्या दिवशी बाईंच्या चहात आलं पडलं.

न्हाणीघरापुढचा डाग

तो खरखरीत डाग वेगळं प्रकरण होतं आणि त्याचा कबुलीजबाब पटकन मिळाला. मे महिन्यात गॅसच्या सिलिंडरच्या बुडाचं गंजाचं वळं तिथे पडलं होतं. सुनेने त्यावर संडास साफ करायचं द्रव ओतलं. "इतकं फसफसलं ना ताई, मला वाटलं मळ उकळून निघतोय."

फसफसत होती ती फरशीच. त्या द्रवात साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते चुनखडीच्या दगडाला खातं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, आणि पॉलिश जाऊन खाली उघडा दगड उरतो. शिवाय या क्रियेत कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. ते नीट धुतलं गेलं नाही तर हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून तो डाग कित्येक दिवस ओलसर दिसायचा. लिंबू आणि व्हिनेगरही कोटा, संगमरवर, शहाबादी आणि मोझॅकवर हेच करतात, फक्त सावकाश. मोझॅक म्हणजे सिमेंटात बसवलेल्या दगडाच्या चिपा, तिथे दगड आणि सिमेंट दोन्ही झिजतं. आपली फरशी कोणती हे माहीत नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघावा. बुडबुडे आले किंवा थेंबाची जागा मलूल झाली, तर त्या घरात फरशीसाठी आम्ल नाही.

बोलण्याच्या ओघात तिने आणखी एक गोष्ट सांगितली आणि माझ्या अंगावर काटा आला. त्याच दिवशी न्हाणीघरात ते द्रव ओतलेलं असताना तिने वरून ब्लीचचं पाणी टाकलं, डबल सफाई व्हावी म्हणून. डोळे चुरचुरले, खोकल्याची उबळ आली, ती बाहेर पळाली. पळाली हे बरंच झालं. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. असं कधी झालंच तर वरून पाणी ओतत बसायचं नाही. श्वास रोखून बाहेर यायचं, दारं-खिडक्या उघडायच्या, आणि बाळाला आधी दुसरीकडे न्यायचं. आता त्या दोन बाटल्या दोन वेगवेगळ्या कपाटांत असतात.

उपाय, आणि त्यावरची भांडणं

साचलेला थर काढायला दोन सकाळ लागल्या. नर्मदेचं पाणी आलं त्या दिवशी दोन पिंपं भरून ठेवली. सोसेल इतकं गरम पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, एका वेळी चारच लाद्या. घासायचं, सुटलेलं पाणी लगेच वायपरने सुपलीत ओढून टिपायचं, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. पांढरी झाक आम्लाने मिनिटात गेली असती आणि तिच्याबरोबर पॉलिशही. म्हणून घासण्याशिवाय इलाज नव्हता. पहिल्या चार लाद्यांना तीन वेळा पाणी बदलावं लागलं, आणि गंमत म्हणजे क्लीनरचा एक थेंबही न घालता त्या पाण्यावर फेस आला. सहा महिन्यांचा फेस दगडावर बसून होता. आत्याने तो स्वतः पाहिला म्हणून पुढचं सोपं झालं. स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या तेलकट टाइल्सना गरम पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरले. टाइल्समधल्या सिमेंटच्या फटी जुन्या दातांच्या ब्रशने काढल्या. ते काम मुलाला दिलं. मुद्दाम.

रोजची पद्धत बदलली ती अशी. केर काढताना पंखा बंद, बाळ आजीकडे. झाडू झटकायचा नाही, जमिनीलगत ओढायचा, आणि केर प्रत्येक खोलीत तिथल्या तिथे उचलायचा. मग दोन बादल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पाणी आणि अर्धं झाकण क्लीनर, आठवड्यातून चार दिवस तेही नाही. मळलेलं फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून पिळायचं, मगच दुसऱ्या बादलीत बुडवायचं. त्यामुळे माती पहिल्या बादलीत राहते आणि दुसरी शेवटपर्यंत निवळ असते. पहिलीतलं पाणी दर दोन खोल्यांनी बदलायचं. टॉवेल निवृत्त. त्याच्या जागी जुन्या धोतराची पातळ सुती फडकी, सहा. फडक्याची चौघडी घालायची आणि एक बाजू मळली की उलटायची, म्हणजे दर वेळी बादलीकडे धावावं लागत नाही. लांबच्या कोपऱ्यापासून दाराकडे, मागे सरकत, नागमोडी. गोल गोल फिरवलं की मळ फक्त जागा बदलतो. क्रम वरून खाली: वरचा मजला, देवघर, हॉल, शेवटी स्वयंपाकघर. न्हाणीघराचं फडकं निळ्या काठाचं, ते घरात येत नाही. पुसून झालं की पंखा चालू, आणि फडकी धुऊन गच्चीतल्या दोरीवर, पाऊस असेल तर जिन्यात, पण पसरून.

वरच्या टाइल्ससाठी मायक्रोफायबरचा मॉप घरात होताच. तो पट्टे पाडत होता कारण सून त्याचं कापड कपडे मऊ करायच्या द्रवात भिजवत असे. त्या द्रवाने त्याच्या बारीक चिरलेल्या धाग्यांवर लेप बसतो आणि ते पाणी टिपेनासे होतात. नुसत्या गरम पाण्यात दोन-तीन वेळा धुतल्यावर तो बऱ्यापैकी ताळ्यावर आला.

आरओच्या पाण्यावरून वाद झाला. मुलगा म्हणाला, पाणी वाया घालवायचं का? बरोबर होतं त्याचं. मग ठरलं की ड्रममधलं पाणी पहिल्या बादलीला, संडासात आणि अंगण धुवायला. शेवटचा हात फिरवायला तेवढं नर्मदेचं, ते फक्त चार लिटर लागतं.

आत्याला सगळ्यांत जास्त चुकलं ते फिनाइल. "वास आल्याशिवाय पुसल्यासारखं वाटत नाही गं." हे मी हसण्यावारी नेलं नाही. तिच्या सासूबाई सारवलेल्या जमिनीवर वाढल्या, आणि शेणाचा ताजा वास म्हणजेच स्वच्छ घर. वासावरून स्वच्छता ओळखायची सवय पिढ्यांची आहे, फक्त वास बदलला. पण ज्या फरशीवर रांगून मूल बोटं चोखतं, तिथे हे तेल रोज कशाला? फिनाइल अंगणातल्या मोरीपुरतं राहिलं. सुनेची भीती जंतूंची होती. तिला सांगितलं की मळावर ओतलेलं जंतुनाशक मळातच खर्ची पडतं. आधी पुसायचं, मग ते लावायचं, बाटलीवर लिहिलेली मिनिटं ओलं राहू द्यायचं, आणि शेवटी साध्या पाण्याने काढायचं. बाळाला उलटी झाली किंवा शी सांडली तर तेवढ्या जागेला एवढं करणं योग्य. रोज सगळ्या घराला नको.

उरला वेळेचा प्रश्न. दोन बादल्या, बदलतं पाणी, सहा फडकी, हे पस्तीस मिनिटांत होत नाही. मोजलं तर पन्नास लागली. बाई पुढच्या घरी उशिरा पोचल्या आणि तिथे बोलणी खाल्ली. इथे माझं केमिस्ट्रीचं ज्ञान संपलं. आत्या म्हणाली, पगार वाढवू. सून म्हणाली, संध्याकाळचा पोछाच बंद करू, नाहीतरी चिकटपणा गेल्यावर तो लागतोय कशाला, आणि वरचा मजला एक दिवसाआड. शेवटी दोन्ही झालं, पगारवाढ आत्याच्या मनात होती त्याहून थोडी कमी. अंगणातल्या नळाला रबरी पाइप जोडला, तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतो. मला विचाराल तर या घरातली सगळ्यांत मोठी सुधारणा तो पाइप आहे.

जाता जाता मी बाईंना विचारलं, बाकीच्या घरी किती झाकणं घालता?

"एक," त्या म्हणाल्या. "कहीं वो भी नहीं। वहाँ फर्श चिपकता नहीं।"

मग इथे सांगितलं का नाही?

"किसी ने पूछा ही नहीं, दीदी।"

चार दिवस मी लाद्यांवर खडूने आकडे घालत होते. बाकीच्या घरांतला तोच प्रयोग, माझ्यापेक्षा कितीतरी लांब चाललेला, माझ्यासमोर उकिडवा बसून फडकं पिळत होता.

काय राहिलं

वरच्या टाइल्सवर तिन्हीसांजेच्या उजेडात अजून हलके पट्टे दिसतात. पाऊस लागून राहिला की मोझॅकला घाम फुटतोच, त्यावर पंख्याशिवाय उपाय नाही. आणि न्हाणीघरापुढचा डाग पुसून जाणारा नाही. त्याला घिसाईवाल्याला बोलावून दगड पुन्हा घासून पॉलिश करायला हवा, आणि तो एका लादीसाठी येत नाही, अख्खा बोळ करा म्हणतो. तोवर आत्याने त्यावर काथ्याचं पायपुसणं टाकलंय.

महालक्ष्म्यांच्या दिवशी मी गेले तेव्हा ते पायपुसणं बाजूला उभं करून ठेवलं होतं. तुळशीपासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं, बोळातून जाणारी. एक पाऊल नेमकं त्या डागावर. गुळगुळीत कोट्यावरची बाकीची पावलं नातवाने रांगत जाऊन आरतीच्या आधीच अर्धी पुसली होती. खरखरीत दगडावरचं तेवढं रांगोळी धरून होतं. सुनेने बाळाला उचललं, त्याचे गुडघे उलटेपालटे करून पाहिले आणि माझ्याकडे वळून दाखवले. पांढरे झाले होते, पण रांगोळीने.